पुसलेले ठिपके

तिला काचताई म्हणायचे ते तोंडावरही म्हणायचे, आणि तिला त्याचा राग येत नसे. एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होण्याआधी काही वर्षं तिथल्या पेशी बिघडायला लागतात. त्या वेळेवर दिसल्या तर साध्या उपचारावर बाई वाचते. म्हणून सरकारनं मोहीम काढली होती. दवाखान्यात बाईच्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरायच्या, पट्टीवर नंबर घालायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायची. तिथं चौघीजणी बसून त्या काचा वाचत. काही वावगं दिसलं की त्या पेशींच्या शेजारी शाईचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे डॉक्टरांना दुसऱ्यांदा तपासताना शोधत बसायला नको. प्रत्येकीची शाई वेगळी होती. काचताईची हिरवी.

दिवसाला साठ-सत्तर काचा व्हायच्या. तिथं गप्पांना मज्जाव होता, कारण तोंड चालू झालं की नजर घसरते. चौघी एकाच टेबलाला बसून आठ तास चार गावांना असल्यासारख्या असत. एकतीस वर्षांत लाखो बायका तिच्या डोळ्यांखालून गेल्या आणि त्यातल्या एकीचाही चेहरा तिनं पाहिला नव्हता. घरी येऊन दार उघडलं की तिथंही कुणी नसे. लग्न केलं नव्हतं, आई गेल्याला बारा वर्षं झाली होती, भाऊ होता तो वर्षाकाठी एकदा फोन करून तब्येत विचारी आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत बरं म्हणून ठेवून देई.

नाही म्हणायला खालच्या मजल्यावर टाकेबाई होती. ती शाळांचे गणवेश शिवायची. 'टाकेबाई' हे नाव काचताईनंच ठेवलेलं. बावीस वर्षांचा शेजार. टाकेबाईचा नवरा लवकर गेला, मुलगा शिकून परमुलखात गेला आणि तिकडचाच झाला. संध्याकाळी शिवणयंत्र थांबलं की काचताई जिना उतरून खाली जायची. एक बोलायला आसुसलेली, दुसरी बोलायला विसरलेली, त्यामुळे जोडी छान जमली होती.

"दिवसभर बायकांच्या आतलं बघतेस, माझ्या मनातलं एकदा बघ की," टाकेबाई म्हणायची.

"तुझ्या मनात दुसरं काय असणार? बटणं नि काज."

चार वर्षांपूर्वी काचताईनंच तिला तपासणीला नेलं. टाकेबाई अजिबात तयार नव्हती. "मला काय धाड भरलीय? उगाच कशाला कुणासमोर..." काचताई तीन आठवडे तिच्या मागे लागली आणि शेवटी एका शनिवारी हात धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथं नंबराची चिठ्ठी मिळाली. टाकेबाईनं ती यंत्राच्या खणात रिळांखाली ठेवली. रीळ शोधताना काचताईला ती कितीदा तरी दिसायची. अडतीस बेचाळीस.

आपल्या माणसाची काच आपण ओळखून वाचायची नाही, हा काचताईचा स्वतःचा नियम. म्हणून तिनं त्या दिवसांत नंबरांकडे बघणंच टाळलं. वहीत आकडा हात लिहायचा, डोकं नाही. मोहिमेचाही एक नियम होता, आणि तो भिंतीवरच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असे: पत्र आलं नाही म्हणजे काळजी नाही. ज्या बाईच्या पेशी बिघडलेल्या, तिलाच पत्र जायचं. बाकीच्यांच्या टपालाचा खर्च सरकारनं वाचवला होता. टाकेबाईला पत्र आलं नाही.

आणि या वर्षी तिला रक्त जायला लागलं.

मोठ्या रुग्णालयात निदान झालं तेव्हा रोग बराच पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. किरणांचा उपचार करू, त्रास कमी होईल, दिवस वाढतील, पण बरं होण्याची आशा धरू नका, असं सांगून टाकलं. मुलानं फोनवर रडून घेतलं, रजा मिळाली की येतो म्हणाला. रोज सकाळी साडेआठला काचताई खाली जायची, टाकेबाईला बसनं रुग्णालयात नेऊन सोडायची आणि तिथून कामावर जायची.

"तपासलं होतं की गं आपण," एकदा बसमध्ये टाकेबाई म्हणाली. "मग हे आलं कुठून?"

"एखादं सुटतं गं. शंभरातलं एखादं कुणालाच दिसत नाही."

काचताई खोटं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

मग वर्तमानपत्रांत बोंब झाली. तपासणीत ठीक ठरलेल्या बायका एकामागून एक आजारी निघत होत्या, त्यांतल्या काही गेल्यासुद्धा. सुरुवातीला खात्यानं कानांवर हात ठेवले. मग मंत्र्यांनी निवृत्त न्यायाधीश बाईंची चौकशी समिती नेमली. जिला तक्रार आहे तिनं महिनाअखेरपर्यंत स्वतः अर्ज करायचा, तिच्या काचेत काय चुकलं ते लिहायचं, आणि तिचा अर्ज आला तरच खात्यातल्या माणसांना साक्षीला बोलवायचं, अशी अट होती. आता बाईला काय ठाऊक तिच्या काचेत काय चुकलं? अट घालणारा मोठा हुशार असला पाहिजे.

इकडे खात्यानं आजारी बायकांच्या जुन्या काचा कोठारातून काढून फेरतपासणीला दिल्या. एक्केचाळीस काचा काचताईच्या टेबलावर आल्या. यादीत नावं नव्हती, नुसते आकडे होते. सतरावा आकडा अडतीस बेचाळीस.

तिनं ती काच उचलून बाजूला ठेवली. दुसरीला द्यावी म्हणून उठलीसुद्धा. मग परत बसली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून ती काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

पेशी ढळढळीत बिघडलेल्या होत्या. काल कामाला लागलेल्या पोरीलाही दिसल्या असत्या. आणि त्यांच्या शेजारी, वर बसवलेल्या पातळ झाकणकाचेच्या कडेला, शाई आत झिरपल्याची केसाएवढी हिरवी रेघ होती. तिनं त्या पेशी चार वर्षांपूर्वीच पाहिल्या होत्या. ठिपकाही दिला होता. आणि पुसलाही तिनंच होता.

मग सगळं आठवलं. आठवायला फार खोल जावंही लागलं नाही. त्या वर्षी दुसऱ्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा सात महिन्यांपासून रिकामी होती आणि ठिपके दिलेल्या काचा पेटाऱ्यांत साचत चालल्या होत्या. सहाशे बारा झाल्या. वर्षअखेर आली. मोठ्या साहेबांना वर अहवाल धाडायचा होता आणि त्यात 'प्रलंबित' या रकान्यात शून्य हवं होतं. साहेब स्वतः टेबलाशी आले, अगदी गोड बोलले. "संशयित म्हणजे नक्की नाही ना? मग नक्की नाही त्या सध्या निर्दोषमध्ये घाला. नवे डॉक्टर आले की परत काढू." निर्दोष काच कोठारात जायची तर तिच्यावर ठिपका चालत नाही, हाही नियमच. म्हणून चौघींनी एक अख्खी दुपार स्पिरिटचे बोळे घेऊन आपापले ठिपके पुसले आणि वहीत त्या काचा निर्दोष म्हणून सह्या केल्या. तेव्हा मात्र गप्पांना मज्जाव नव्हता. कुणीतरी चहा मागवला होता. त्यानंतर आठ महिन्यांनी नवे डॉक्टर आले, त्यांच्यापुढे नव्या काचांचा ढीग ठेवला गेला, आणि जुन्यांतल्या कुठल्या परत काढायच्या हे सांगायला ठिपका उरला नव्हता. यादी कुणीच ठेवली नव्हती. काचताईला तेव्हा वाटलं होतं, आपण कशाला पुढं पुढं करा, आदेश वरून आहे. साहेबांची पुढं बढती झाली. ते आता राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

ती काच घेऊन हल्लीच्या साहेबांकडे गेली. हे वयानं लहान, बोलायला मऊ, गोगलगाय नि पोटात पाय. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि फेरतपासणीचा तक्ता पुढं केला. त्यात चुकीच्या कारणाला तीन चौकटी होत्या: चाचणीची मर्यादा, वाचनातील मतभेद, इतर.

"मतभेदवर खूण करा, ताई."

"कुणाचा कुणाशी मतभेद, साहेब? मीच बघितलं, मीच पुसलं."

"मग इतर करा. पण पुढं काही लिहू नका."

"बायकांना कळवणार ना?"

"काय कळवायचं? बऱ्या होणारेत का त्या कळवून?" साहेबांनी आवाज आणखी खाली आणला. "पाच महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. लेखी आदेश तेव्हाही नव्हता. उद्या विचारलं तर सही कुणाची निघेल? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते खरंच तिच्या भल्याचं सांगत होते, यातच सगळी मेख होती. वहीत चौघींच्या सह्या होत्या. त्या चौघींतली एक वारली होती, एक मुलीकडे दूर देशी गेली होती, आणि तिसरी शेजारच्याच खुर्चीत बसून काचताईची नजर चुकवत होती.

त्या संध्याकाळी काचताई खाली गेली नाही. डोकं दुखतंय म्हणून जिन्यावरूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकेबाईला रुग्णालयात सोडलं तेवढंच, संध्याकाळी गेली नाही. घरात बसून ती हिशेब मांडत राहिली आणि तो सुटत नव्हता. टाकेबाईनं अर्ज केला तरच आपल्याला समितीपुढं बोलता येईल, तरच तो मोठा साहेब खुर्चीवरून खाली येईल, तरच त्या सहाशे बाराजणींना कुणीतरी शोधायला निघेल. त्यातल्या कितीतरी अजून वाचण्यासारख्या असतील. आणि टाकेबाईनं अर्ज करायचा तर तिला सांगायला हवं. सांगितलं की या जगात आपल्याशी बोलणारं जे एक माणूस आहे ते जाईल. भीती नोकरीची नव्हती, तुरुंगाचीही नव्हती. संध्याकाळी जिना उतरून जायला जागा उरणार नाही, याची होती. सत्तावन्न वर्षांच्या बाईला याची लाज वाटली, पण भीती काही गेली नाही.

महिना संपायला सहा दिवस होते. रविवारी दुपारी ती खाली गेली. टाकेबाई पलंगावर भिंतीला टेकून एका सदऱ्याला हातानं काज करत होती. यंत्र चालवायची ताकद राहिली नव्हती.

"आलीस? मला वाटलं, कंटाळलीस दुखण्याला."

काचताई खुर्चीवर बसली आणि तिनं सांगितलं. फिरवून फिरवून सांगायचं ठरवून आली होती, पण पहिल्याच वाक्यात सगळं बाहेर पडलं. पुढं ती डॉक्टरांची जागा, साहेब, रकाना, शून्य असं बरंच बोलत राहिली. टाकेबाईची सुई थांबली होती.

"माझ्या काचेवर तू ठिपका दिला होतास."

"हो."

"आणि तूच पुसलास."

"हो. नंबर बघितला नव्हता गं मी. शपथ."

"एक ठिपका पुसायला किती वेळ लागतो?"

"दोन... दोन सेकंद."

टाकेबाईनं सुई सदऱ्यात खोवून ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी आली होतीस तू माझ्याकडे. बोटांना स्पिरिटचा वास येत होता. मी म्हटलं होतं, दवाखानाच घेऊन आलीस का घरी. आणि विचारलं होतं, माझं पत्र आलं नाही गं अजून. आठवतंय, तू काय म्हणालीस?"

आठवत होतं. पत्र नाही आलं म्हणजे सुटलीस, असं म्हणाली होती. आणि दोघी हसल्या होत्या.

"टाकेबाई, मी तुझ्या पाया..."

"पाया पडू नकोस. जा तू वर."

सोमवारी साडेआठला काचताई खाली आली तर दाराला कुलूप होतं. टाकेबाई एकटीच बसनं गेली होती. मंगळवारी तेच. बुधवारी खिडकीतून दिसली, बसथांब्याच्या खांबाला धरून उभी होती, आणि काचताई वर पडद्याआड उभी राहिली, कारण खाली जायचा अधिकार आता तिच्याकडे नव्हता. कामावर ती काचा वाचायची. अर्धी काच बघून झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच उडाला होता. रात्री आणि दिवसाही कुणाशी बोलणं नाही, त्यामुळे गुरुवारी भाजीवालीनं काही विचारलं तेव्हा तिनं बोटानंच भाजी दाखवली.

शुक्रवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. बावीस वर्षांत टाकेबाई फार तर चारदा वर आली असेल. ती मधे पायऱ्यांवर दोनदा बसून जिना चढली होती. हातात समितीचा अर्ज होता, खालच्या दुकानातून आणलेला.

"माझं अक्षर कापतं," ती म्हणाली. "लिही."

काचताईनं टेबलावरचं सगळं बाजूला केलं. टाकेबाई सांगत गेली आणि ती लिहीत गेली. कधी तपासलं, कुठं तपासलं, नंबर काय. मग कोणी काय केलं. मोठ्या साहेबांचं नाव आलं. रिकामी जागा, प्रलंबित, शून्य, सगळं आलं.

"पुसलं कुणी, ते लिही."

काचताईनं स्वतःचं नाव लिहिलं. टाकेबाईनं चष्मा लावून ते वाचलं, खाली सही केली आणि कागद घडी घालून घेतला. चहा विचारला तर नको म्हणाली.

सुनावणी दीड महिन्यानं झाली. पांढऱ्या भिंतींची लांबलचक खोली, एका टोकाला न्यायाधीश बाई, एका बाजूला खात्याचा वकील आणि दुसऱ्या बाजूला बाकांवर बायका, काहींच्या डोक्याला रुमाल बांधलेले. राजधानीतले मोठे साहेबही आले होते. त्यांनी सांगितलं की असा कुठलाही तोंडी आदेश त्यांना आठवत नाही, चाचणीला मर्यादा असतात आणि झाल्या प्रकाराबद्दल खात्याला मनापासून खेद आहे. मनापासून हा शब्द त्यांनी कागदावरून वाचला.

मग काचताई उभी राहिली. तिनं चार वर्षांपूर्वीची दुपार सांगितली, पेटारे सांगितले, चहासुद्धा सांगितला. हिरव्या शाईची ती रेघ न्यायाधीश बाईंनी स्वतः मायक्रोस्कोपमधून पाहिली. एक्केचाळीसपैकी आणखी अकरा काचांवर तशाच रेघा होत्या, निळ्या, लाल, हिरव्या. वकील दोनदा उठला आणि दोनदा बसला. चहापाण्याआधीच न्यायाधीश बाईंनी हुकूम काढला: त्या वर्षाच्या सगळ्या काचा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पुन्हा वाचून घ्या, प्रत्येक बाईला निकाल कळवा, आणि मोठ्या साहेबांना चौकशी संपेपर्यंत कामावरून दूर ठेवा. बाकांवर कुणीतरी हुंदका दिला. साहेब पाण्याचा पेला शोधत होते.

शेवटी न्यायाधीश बाई टाकेबाईकडे वळल्या. आवाज मऊ केला. "तुमच्या अर्जात या तंत्रज्ञ बाईंचंही नाव आहे. यांनी स्वतःहून खरं सांगितलं, यांच्यामुळेच हे उघडकीला आलं. यांच्याविरुद्धची तक्रार तुम्हाला मागे घ्यायची असेल तर घेता येईल."

काचताई खाली मान घालून उभी होती. आपण वाट पाहतोय हे तिचं तिलाच कळलं.

"नाही घ्यायची," टाकेबाई म्हणाली.

"विचार करून सांगा. घाई नाही."

"केला विचार. दीड महिना तेच केलं." तिनं बाकाची कड धरली. "त्या साहेबांना आम्ही नुसते आकडे होतो, बाई. ते काय, त्यांनी शून्य लिहिलं. पण हिला माहीत होतं की आकड्याच्या मागं कुणीतरी असतं. हिच्या पायाखालीच राहत होते मी. पुसताना हिला एकदा तरी वाटायला हवं होतं, यात आपली टाकेबाई असेल तर?"

न्यायाधीश बाईंनी लिहून घेतलं. काचताईला वाटलं, यापेक्षा खरं आपल्याबद्दल आजवर कुणीच बोललं नाही. तिनं मान हलवली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बाहेर पडताना टाकेबाईला पायऱ्या उतरवेनात. काचताई पुढं झाली, तोवर तिनं शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला होता. बसमध्ये ती पुढं बसली, काचताई मागं. घराशी उतरल्यावर टाकेबाई दारापर्यंत गेली, किल्ली लावायला गेली आणि तिला ती फिरवता येईना. काचताईनं पुढं होऊन कुलूप उघडलं आणि पटकन मागं सरली.

टाकेबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिचा श्वास लागला होता. मुलाची रजा अजून मंजूर व्हायची होती.

"उद्यापासून पुन्हा किरणं आहेत," ती तिच्याकडे न बघता म्हणाली. "एकटीला जमत नाही आता. साडेआठला ये."

"येते."

"पण बोलू नकोस माझ्याशी."

दार लागलं. काचताई दुसऱ्या दिवशी साडेआठला आली, पुढं टाकेबाईचे जे नऊ आठवडे राहिले होते त्यातल्या प्रत्येक दिवशी आली, आणि बोलली नाही.